नादाला निमित्त लागतं

कोल्हापूर जिल्ह्यात दुचाकीच्या जाती दोनच: कामाची आणि नादाची. कामाच्या गाडीच्या दोन्ही अंगांना दुधाच्या कॅन लटकतात, मागच्या सीटवर वैरणीचा भारा बसतो, टाकीवर खताचं पोतं आडवं पडतं आणि एवढं सगळं बसल्यावर जी वीतभर जागा उरते तिच्यात मालक बसतो. नादाच्या गाडीवर मालकाशिवाय काहीच बसत नाही. खरं तर मालकही बसत नाही, तो टाकीवर पालथा पडून पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचत जातो. पहिल्या जातीत मान १९९४ साली बाजारात आलेल्या ९७ सीसीच्या स्प्लेंडरचा. दुसऱ्या जातीत पूर्वी यामाहा आरएक्स-१०० होती, आता चाकणच्या कारखान्यातून निघणारी नारिंगी केटीएम आहे. दसरा-दिवाळी जवळ आली की शोरूमच्या दारात ‘जुनी द्या, नवी घ्या’ असा फलक लागतो आणि ज्या घरात गुरं, ऊस आणि विशीतला मुलगा हे तिन्ही एकत्र नांदतात त्या घरात वाद पेटतो: डेअरीची गाडी देऊन पोराच्या मनातली गाडी घ्यावी का? हा वाद काटकसर विरुद्ध हौस असाच लढवला जातो. बाप मायलेज सांगतो, पोरगा पिकअप सांगतो, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं ऐकत नाही. माझं म्हणणं असं की दोघांनीही चुकीचं हत्यार उचललंय. कामाची गाडी देऊ नये हे बापाचं मत बरोबर आहे, पण त्याचं कारण काटकसर नव्हे. त्याचं कारण हौस हेच आहे. ज्याला गाडीवरून मनसोक्त मजा करायची आहे त्याने तर कामाची गाडी मुळीच सोडू नये.

मजा कशात असते ते आधी ठरवू. वेगात असते असं तरुण मंडळी म्हणतात. असेल. पण घराबाहेर पडल्याशिवाय वेग सुरू होत नाही, आणि आपल्याकडच्या घरातून बाहेर पडायचं तर इंजिनाच्या आधी कारण सुरू करावं लागतं. कामाच्या गाडीला हे कारण जन्मजात असतं. ‘डेअरीला दूध घालून येतो’ या एका वाक्यावर जिल्ह्यातल्या पिढ्या पोसल्या गेल्या. गोकुळचा संघ १९६३ साली उभा राहिला आणि गावोगाव दूध संस्था निघाल्या, त्यातून शेतकऱ्याच्या हातात पैसा आला हे सगळेच सांगतात. पण सकाळ-संध्याकाळ घराबाहेर पडण्याचा पक्का परवानाही आला, हे सहकाराच्या इतिहासात कुणी लिहीत नाही. संस्था गल्लीच्या तोंडाला असते, पण दूध घालणारा परततो तो दीड तासाने. मधल्या वेळात कट्ट्यावर कारखान्यांच्या ऊसदराचा निकाल लागलेला असतो, पाटाकडील आणि दिलबहारच्या फुटबॉल सामन्यातला गोल ऑफसाइड होता की नाही हे ठरलेलं असतं, आणि जमल्यास हायवेपर्यंत एक चक्करही झालेली असते. घरी आल्यावर फॅटची पावती दाखवली की विषय संपला. आता नादाच्या गाडीवर बसलेल्या पोराला विचारा, ‘कुठं निघालास रं?’ खरं उत्तर ‘कुठंच नाही’ हे असतं, आणि या उत्तरावर आपल्याकडे आजवर कुणालाही दाराबाहेर सोडलेलं नाही. एक्सचेंजवाला गाडीचं साल लिहितो, टायर दाबून बघतो, ओरखडे मोजतो आणि आकडा सांगतो. दिवसाला दोन, म्हणजे वर्षाला ७३० वेळा बिनबोभाट बाहेर पडण्याच्या सोयीसाठी त्याच्या कागदावर रकानाच नसतो. गाडीत जे सगळ्यात मोलाचं, ते या सौद्यात फुकट जातं.

ही नुसती घरातली पळवाट नाही. कोल्हापूरची निम्मी हौस याच पायावर उभी आहे, आणि पुरावा बघायचा तर दिवाळी पाडव्याला शहरात यावं. सागरमाळ, शनिवार पेठ, कसबा बावडा, पंचगंगेचा काठ इथले म्हैसवाले त्या दिवसांत म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, त्यांवर मोरपिसं, गळ्यात घुंगरांच्या माळा. मग मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर मांड ठोकतो, मूठ पिळतो, आणि एरवी रस्त्याच्या मधोमध बसल्यावर एसटीच्या हॉर्नलाही दाद न देणारी म्हैस त्या आवाजामागे चौखूर सुटते. दुतर्फा माणसांची दाटी, वर शिट्ट्या. या खेळातली पात्रं मात्र नीट पारखून घ्यावीत. मागे पळतेय ती शर्यतीसाठी पैदा केलेली नाही, ती दुभती म्हैस आहे. पुढे आहे ती सर्किटवरची बाइक नाही. ती रोज धारेची वेळ झाली की गोठ्याशी येणारी गाडी आहे, तिने आज फक्त सायलेन्सर घरी ठेवलाय. रोजचा माणूस आणि रोजचा सराव आहे म्हणून म्हैस पळते. परका पोरगा दोन लाखांची बाइक घेऊन तिच्यापुढे गुरगुरत बसला तर ती रवंथ करत त्याची कीव करेल. दुसऱ्या दिवशी पहाटे हीच म्हैस चरवीपाशी उभी असते आणि हीच गाडी कॅन लटकावून वाटेला लागलेली असते. गंगावेशीत रात्री गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून पेला हातात देणाऱ्या या शहराला खेळासाठी वेगळी म्हैस पाळावी असं कधी वाटलं नाही. आणि निमित्ताची ताकद बघा: बिनसायलेन्सरच्या ज्या आवाजाबद्दल एरवी पोलीस दंडाची पावती फाडतात, त्याच आवाजाचं म्हैस मागे असली की कौतुक होतं.

ट्रॅक्टरचंही तेच. ऊसपट्ट्यात गाळपाच्या हंगामात एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. त्या पुढे ओढायला ताकद लागते, मागे घ्यायला अक्कल. एक ट्रॉली रिव्हर्समध्ये डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. मागे दुसरी ट्रॉली जोडली की हा उलटा हिशोब पुन्हा एकदा उलटतो, आणि ड्रायव्हर ते सगळं मान मागे वळवून, तोंडातला तंबाखू सांभाळत करतो. याच कामाच्या आमच्याकडे गावोगाव यात्रेत स्पर्धा भरतात आणि ट्रॉली रेषेत मागे घेणाऱ्याच्या अंगावर गुलाल पडतो. बघणारे खुळावतात, कारण त्यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी ट्रॉली बांधावर घातलेली असते. कसब किती अवघड हे ज्याला माहीत त्याच्यासमोर ते दाखवण्यात जी मजा, ती ज्याला काहीच माहीत नाही अशा रस्त्यावरच्या गर्दीसमोर चाक उचलण्यात नाही. हाच ट्रॅक्टर हंगामात मोठमोठ्याने गाणी वाजवत गावाची झोप उडवतो, आणि २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर चढली तेव्हा यानेच ट्रॉल्या भरभरून माणसं बाहेर काढली. पायातल्या चपलेपर्यंत ही रीत पोचलेली आहे. जाड कातड्याची कोल्हापुरी चप्पल काट्याकुट्यात, ढेकळांत चालायला केलेली. पण चालताना ती करकरली पाहिजे, म्हणजे माणूस येण्याआधी त्याचा रुबाब येतो, याची सोय कारागिरानेच करून ठेवली. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाचे मॉडेल तसल्याच चपला घालून चालले. त्यांच्याकडे ती नुसती हौसेची झाली. त्यांनी त्यात ढेकळं तुडवली असती तर कळलं असतं आपण नेमकं काय घेतलं ते.

आता नादाच्या गाडीकडे न्यायाने बघू. केटीएमची ३९० ड्यूक २०१३ साली आली: ३७३ सीसी, ताकद ४३ अश्वशक्तीच्या आसपास. स्प्लेंडरची ताकद आठेक. म्हणजे पाचपटीहून जास्त ताकद. रस्ता मात्र तोच. महाद्वार रोडवर सणासुदीला गाडी चालतच नाही, गर्दी चालते आणि गाडी तिच्यात उभी असते. तिथे स्प्लेंडरवाला पाय टेकत टेकत भाजीचा भाव विचारून होतो, तर पाचपट ताकदीवाल्याच्या मांड्या इंजिनावर शेकून निघतात. गल्लीबोळात तर पहिल्या गिअरच्या वर जायची सोय नाही, म्हणजे सहा गिअरचे पैसे भरून पाच गिअर घरी ठेवल्यात जमा. मागच्या सीटचा प्रश्न याहून गंभीर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत आच्छादन पाहिजे, म्हणजे कपडा चाकात जाणार नाही. हा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लुगडं किंवा साडी नेसून एका अंगाला बसलेली बाई होती, यात शंका नाही. नादाची गाडी बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती नव्हती. कायद्यापुरते हे सगळे सुटे भाग गाडीला असतात, पण सीट म्हणून जी चार बोटांची उशी असते ती इतकी उंच आणि उतरती असते की आत्याबाईंना अंबाबाईच्या दर्शनाला न्यायचं तर आधी त्यांना वर चढवायला दोन माणसं लागतात, आणि वाटेत ब्रेक लागला की आत्याबाई भाच्याच्या पाठीवर येतात. त्यानंतर महिनाभर घरात विषय गाडीचा नसतो, आत्याबाईंच्या कमरेचा असतो.

हा कोल्हापूरचा हेकटपणा आहे असं कुणाला वाटत असेल, तर हाच प्रश्न अमेरिकेत चार चाकांवर सोडवून झालाय. तिकडच्या शेतांत, रानांत, वाळूच्या टेकड्यांवर क्वाड नावाची गाडी चालते: चार फुगीर टायर, मोटारसायकलचं हँडल आणि दोन्हीकडे पाय टाकून बसायची सीट. तिच्याही जाती दोनच. कामाच्या क्वाडला पुढे-मागे सामानाचे कॅरियर, ट्रॉलीला हूक, आपोआप बदलणारे गिअर, बहुतेकींना चारही चाकांवर ताकद, आणि वजन तीनशे किलोच्या घरात. खेळाच्या क्वाडला यातलं काही नाही. ताकद फक्त मागच्या चाकांना, क्लच हाताचा, अंग हलकं आणि स्वभाव तापट. कामाची क्वाड देऊन खेळाची घ्यावी का, यावर तिकडची माणसंही डोकं खाजवत बसतात. गंमत अशी की ही गाडी जन्मली खेळणं म्हणूनच. हिवाळ्यात मोटारसायकली खपेनात म्हणून अमेरिकेतल्या होंडाच्या विक्रेत्यांनी बर्फातही विकता येईल असं काहीतरी द्या म्हणून कंपनीकडे मागणी केली आणि १९७० साली फुगीर टायरांची तीनचाकी बाजारात आली. लोक तिच्यावर उड्या मारू लागले. पण ती चिखलात रुतत नाही हे शेतकऱ्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने तिच्यावरून कुंपणाचे खांब आणि गुरांचा चारा न्यायला सुरुवात केली. तीनचाकी उलटून अपघात इतके झाले की १९८८ साली अमेरिकी सरकारशी तडजोड करून कंपन्यांनी तिची विक्री थांबवली. चारचाकी टिकली. मधल्या काळात शर्यतीच्या क्वाडचीही लाट आली. १९८०च्या आणि २००० नंतरच्या दशकांत सगळ्या जपानी कंपन्या एकमेकींवर चढाओढ करत होत्या. पुढे होंडा, सुझुकी, कावासाकी यांनी आपल्या ४५० सीसीच्या शर्यतीच्या क्वाड एकामागून एक बंद केल्या. यामाहा तेवढी नेटाने उभी राहिली. कॅरियर आणि हूकवाल्या मात्र सगळ्यांच्याच दुकानात आहेत.

यावरून अमेरिकेतल्या लोकांची हौस आटली असं कुणी म्हणू नये. त्यांना एवढंच कळलं की कॅरियर असलेल्या क्वाडवरूनही टेकडी चढता येते, पण कॅरियर नसलेल्या क्वाडवरून चारा आणता येत नाही. आणि चारा आणायचा नसेल तर शनिवारी सकाळी बायकोला काय सांगून बाहेर पडायचं, हा प्रश्न तिकडेही आपल्याइतकाच अवघड असणार. भारतात तर या क्वाडच्या बाबतीत निमित्ताला सरकारी शिक्काच बसला. क्वाडला आपल्या रस्त्यांवर सरसकट परवानगी मिळत नाही. तेव्हा पोलारिस या अमेरिकी कंपनीने आपली ‘स्पोर्ट्समन ५७०’ इथे रस्त्यावर उतरवली ती ट्रॅक्टर म्हणून. नाव स्पोर्ट्समनचं, नोंद ट्रॅक्टरची. इतका कोल्हापुरी तोडगा कोल्हापूरच्या वकिलालाही सुचला नसता. ज्या कंपनीला जगभर हौस विकायची सवय आहे, तिलाही आपल्याकडे पाऊल टाकताना ‘शेताकडं चाललोय’ असंच सांगावं लागलं, याहून मोठा पुरावा माझ्या बाजूने कोणता हवा?

विरुद्ध बाजूचं म्हणणं आता ऐकू, कारण ते दुबळं नाही. पहिला आक्षेप असा की हौसेला मोल नसतं, आणि कोल्हापूरनेच जगाला हे शिकवलं. शाहू महाराजांनी शिकारीसाठी चित्ते पाळले, १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं, मल्लांना पदरी ठेवलं. चित्त्याचा किंवा मल्लाचा नांगराला काय उपयोग? मुद्दा बिनतोड वाटतो, पण सनावळ्या काढून बघाव्यात. शाहूपुरीची गुळाची पेठ १८९५ची, शाहू मिल १९०६ची, राधानगरीच्या धरणाचं काम त्याच राजवटीत सुरू झालेलं. महाराजांनी पेठ मोडून चित्ते घेतले नाहीत आणि गिरणी एक्सचेंजमध्ये देऊन मैदान बांधलं नाही. आधी पोटाची सोय लावली, वर हौस केली. शिवाय नादाची गाडी म्हणजे घरात ठेवलेला पैलवान: त्याला खुराक वेगळा, मालिश वेगळं, तालीम वेगळी, आणि हे सगळं वर्षभर पुरवायचं ते मैदानातल्या दहा मिनिटांसाठी. पैलवान पोसायला राजाश्रय लागत असे. गाडी पोसायला बँकेचा हप्ता आहे, आणि राजा खूश झाला तर कडं देई, बँक खूश झाली तरी पुढच्या महिन्याचा हप्ता घेतेच.

दुसरा आक्षेप शर्यतीच्या बैलांचा, आणि तो अस्सल मातीतला आहे. लाखांची किंमत मोजून आणलेला खिलार बैल औताला जुंपत नाहीत. त्याला अंडी-दूध चारतात आणि तो वर्षातून मोजक्या वेळा काही सेकंद धावतो. मग बैलाला जे चालतं ते गाडीला का नाही? याला दोन उत्तरं आहेत. एक, शर्यतीचा बैल पाळणाऱ्याच्या दारात नांगरटीला दुसरी जोडी नाहीतर ट्रॅक्टर असतो. औताची जोडी बाजारात नेऊन तिच्या बदल्यात शर्यतीचा बैल आणणारा शेतकरी निघालाच, तर गाव त्याच्याकडे शर्यतीसाठी जात नाही, समजूत घालायला जातं. दुसरं उत्तर न्यायालयाने दिलं. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली आणि १६ डिसेंबर २०२१ला महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. घटनापीठाने राज्यांचे कायदे उचलून धरले ते १८ मे २०२३ला. बंदीची ती सगळी वर्षं शर्यतीचा बैल गोठ्यात उभा राहून खात होता आणि मालक तारखा मोजत होता. औताच्या बैलाविरुद्ध मात्र कुणी याचिका केली नाही. त्याची नांगरट एक दिवस चुकली नाही. ज्या वस्तूला एकच काम असतं, ते काम बंद पडलं की ती वस्तू शोभेची राहते आणि तिचा खर्च खरा राहतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो आणि तो बहुतेक पोरं मांडतच नाहीत: नव्या वेगवान गाडीचे ब्रेक चांगले असतात. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. डेअरीच्या बहुतेक गाड्या अजून ड्रम ब्रेकवर आहेत. त्यात चाळीस-चाळीस लिटरच्या दोन कॅन भरून लटकवल्या, रस्त्यावर पाऊस आणि मळी सांडलेली असली, तर ती गाडी थांबवणं ही नवस बोलण्यातली गोष्ट होते. हे खरं आहे आणि यात चेष्टेला जागा नाही. पण यातून निघतं काय? कामाच्या गाडीवर ओझं बेतानं घालावं, तिला बरे ब्रेक आणि बरे टायर असावेत, डोक्यावर हेल्मेट असावं, एवढंच. गाडीच बदलावी असं निघत नाही. चांगला ब्रेक ज्या गाडीला मिळतो तिचा वेग त्या ब्रेकचा फायदा पहिल्याच वळणावर खर्च करून टाकतो. आणि वेगाचीच भूक असेल, तर तिला मैदान लागतं, हायवे नव्हे. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा गो-कार्टचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. त्या ट्रॅकवर समोरून रॉंग साइडने उसाची ट्रॉली येत नाही, मध्ये म्हैस बसत नाही, आणि वळणापलीकडे कुणी वाळत घातलेलं सोयाबीन नसतं.

राहिला शेवटचा, मांडवलीचा प्रस्ताव: दोन्ही गाड्या ठेवा. याला माझी हरकत नाही; शर्यतीचा बैल पाळणारा तेच करतो आणि महाराजांनीही तेच केलं. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की मग तो एक्सचेंज राहत नाही, तो नवा खर्च होतो, आणि त्यासाठी दूध किंवा ऊस यांपैकी कुणीतरी जास्त यायला पाहिजे. दोन्ही गाड्या दारात असल्या की काय होतं तेही उघड आहे. पहिला महिना नादाची गाडी बाहेर असते. पुढे तिच्यावर कव्हर चढतं, कव्हरवर कोंबडी बसते, आणि पोरगा पुन्हा स्प्लेंडरची किक मारतो, कारण डेअरीला तिच्यावरूनच जावं लागतं आणि दीड तासाची मजा डेअरीच्या वाटेवरच असते. म्हणून बापांना एक सुचवावंसं वाटतं. पोराला मायलेजचे आकडे सांगू नका, तो त्याहून मोठे आकडे घेऊन बसलाय. त्याला एवढंच विचारा की नवी गाडी आल्यावर घरातून निघताना काय सांगून निघणार. उत्तर तयार असलं तर सही करून टाका. ज्याच्या घरात दूध घालायचं नाही, वैरण आणायची नाही, गॅसची टाकी आणायची नाही, दळण नाही, आत्याबाई नाहीत, त्याने तर खुशाल कामाची गाडी देऊन नादाची घ्यावी, त्याला माझा एकही मुद्दा लागू नाही. असा माणूस या जिल्ह्यात आढळला, तर त्याला गाडी देण्याआधी शोरूमवाल्याने त्याच्या नावचा सातबारा आणि रेशनकार्ड दोन्ही नीट तपासून घ्यावं. तो इथला नसणार.